गाणें कोणाचें? : वत्सगुल्माच्या निमित्तानें कांहीं विचार

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आम्ही तेव्हां बी. ए. च्या शेवटच्या वर्गांत होतों, आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठीं वऱ्हाडांतील स्त्रीगीतांवर एक लेख लिहिण्याचें आम्हीं अंगावर घेतलें होतें. मंगरुळपीर तालुक्यांतील आसेगांव येथें आमच्या एका आप्तांचें घर होतें. आज वाशीम जिल्ह्यांत असलेलें हें गांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. आप्तांच्या घरीं लग्न निघालें होतें. रोजचें दळण गिरणीवर जाऊं लागून बराच काळ लोटला होता. परंतु हळद दळण्यासाठीं म्हणून जातें मांडलें गेलें, आणि शेजारच्या एका वृद्ध बाईंना मुद्दाम बोलावणें गेलें, कारण गांवांत त्यांच्याइतक्या ओव्या दुसऱ्या कोणाला येत नसत. आम्ही वही घेऊन बसलों. दळण आटोपल्यावर आम्हीं विचारलें, "आजी, ह्या ओव्या तुम्हीं रचल्या काय?" म्हातारी हंसली. "हे काही माह्यं नोहे, बापू. माही माय म्हने, तिची माय म्हने." मग पदराला हात पुसतां पुसतां ती हलकेंच म्हणाली, "पन शेवटच्या दोन मातर माह्या हायेत. माहा लेक गेला तवाच्या."

आमचा लेख यथाकाल छापून आला. मथळ्याखालीं आमचें नांव ठळक टायपांत होतें. ओव्यांच्या खालीं एकच शब्द होता : 'लोकगीत'. त्या शेवटच्या दोन ओव्यांखालींहि तोच. बाईंचें नांव आम्हीं वहींत टिपलें नव्हतें, आणि आज तें आम्हांस आठवत नाहीं.

हा प्रमाद आहे असें त्या वेळीं आमच्या मनांतहि आलें नाहीं. लोकगीताला कर्ता नसतो, तें समाजाच्या मुखांतून आपोआप उमलतें, असें आम्हीं ग्रंथांतून शिकलों होतों. जेथें कर्ताच नाहीं, तेथें नांव कोणाचें छापावयाचें? पुढें अध्यापनाच्या निमित्तानें संस्कृत साहित्यशास्त्राशीं थोडाफार परिचय घडला, आणि ज्या वाशीम शहराचें नांव आज आसेगांवच्या जिल्ह्याला आहे, त्या शहराचा जुना इतिहास वाचतांना असें ध्यानांत आलें कीं, 'गाणें कोणाचें?' हा प्रश्न ह्या भूमीला मुळींच नवा नाहीं. त्याचीं निरनिराळीं रूपें येथें पंधराशें वर्षांपासून नांदत आहेत. तीं वाचकांपुढें मांडावीं, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयास असलेला राजशेखर हा ह्या नगराचा मोठा अभिमानी. तो यायावर कुळांतला. त्याच्या अकालजलद नांवाच्या पणजोबाला 'महाराष्ट्रचूडामणि' असें म्हणत. त्यानें 'काव्यमीमांसा' नांवाचा ग्रंथ लिहिला. गायकवाड प्राच्यविद्यामालेचा पहिला ग्रंथ म्हणून तो १९१६ सालीं बडोद्यास प्रसिद्ध झाला. त्यांत काव्याच्या उत्पत्तीची एक कथा आहे. सरस्वतीनें हिमालयावर तप केलें, आणि तिला काव्यपुरुष हा पुत्र झाला. हा पुत्र एकदां रुसून निघून जाऊं लागला, तेव्हां त्याला बांधून ठेवण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग पूर्वेकडे गेली, पांचालांत गेली, अवंतींत गेली, आणि शेवटीं दक्षिणेंत आली. प्रत्येक देशांत ती नवा वेष करी, नवें नृत्यगीत करी. आणि तिच्याकडे पाहून काव्यपुरुषाच्या तोंडून जी वाणी निघे, ती त्या देशाची रीति ठरे. पूर्वेकडे त्याचें मन तिच्यावर बसलें नव्हतें, म्हणून तो लांबलचक समासांत बोलला, ती गौडी. पांचालांत तो थोडा वश झाला, ती पांचाली. दक्षिणेंत मात्र तो पूर्णपणें तिचा झाला, आणि त्याच्या वाणींतले समास गळून पडले, ती वैदर्भी. मग विदर्भांत, कामदेवाचें क्रीडास्थान असें जें वत्सगुल्म नगर, तेथें त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला.

ही कथा सांगतांना आमचे पंडित बहुधा वैदर्भी रीतीच्या गौरवावर थांबतात. आम्हांस तिचें मर्म निराळेंच वाटतें. ह्या कथेंत काव्य एकट्याच्या तोंडून निघत नाहीं. आधीं वेष, मग नृत्य, मग गीत, आणि त्यांच्या उत्तरादाखल शब्द, असा तिचा क्रम आहे. समोर नाचणारी व गाणारी स्त्री नसती, तर काव्यपुरुष जन्मभर समासांतच बोलत राहिला असता. म्हणजे ज्याला आपण कवीची प्रतिभा म्हणतों, तिच्या निर्मितींत प्रयोग करणाऱ्याचा वांटा पहिल्यापासूनच आहे, असें राजशेखर सुचवितो. परंतु गंमत अशी कीं, कथेंत रीति काव्यपुरुषाच्या नांवें जमा होते. गाणारी ती त्याची वधू म्हणून उरते.

आतां कथेंतून इतिहासांत येऊं. १९३९ सालीं वाशीम येथें एक ताम्रपट सांपडला. तो वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा, त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेला. त्यांतील वंशावळ संस्कृतांत आहे आणि दानाचा मुख्य मजकूर प्राकृतांत. ह्या ताम्रपटानें वाकाटकांची वत्सगुल्म शाखा प्रथमच स्पष्टपणें उजेडांत आली, आणि तिचा मूळपुरुष सर्वसेन हा होता हें ठरलें. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील लेखांत त्याचें नांव होतेंच. पण अक्षरें झिजल्यामुळें तें पूर्वीं नीट वाचलें गेलें नव्हतें. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं ह्या शाखेचा इतिहास साक्षेपानें जुळवून दाखविला.

हा सर्वसेन नुसता राजा नव्हता. तो कवि होता. सत्यभामेसाठीं श्रीकृष्णानें स्वर्गांतून पारिजात आणला, ह्या कथेवर त्यानें 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचलें. काश्मीरच्या आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत त्याचा गौरवानें उल्लेख केला आहे, आणि तोहि मार्मिक कारणासाठीं : परंपरेनें आलेली कथा रसाला पोषक नसेल, तर कवीनें ती बदलून घ्यावी, आणि सर्वसेनानें तसें केलें. म्हणजे कथा दुसऱ्याची असूनहि काव्य आपलें कसें होतें, ह्याचा दाखला म्हणून नवव्या शतकांतल्या काश्मिरी पंडिताला वाशीमचा राजा आठवला. परंतु आज 'हरिविजय' उपलब्ध नाहीं. अलंकारग्रंथांत उतरून घेतलेलीं कांहीं पद्यें तेवढीं उरलीं आहेत. येथें कर्त्याचें नांव राहिलें, आणि कृति गेली.

ह्याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेंत, म्हणजे नागपूरकडे राज्य करणाऱ्या शाखेंत, नेमका उलटा प्रकार घडला. त्या शाखेंतील दुसरा प्रवरसेन हा गुप्त सम्राट् दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र. महाराष्ट्री प्राकृतांतील 'सेतुबंध' हें पंधरा आश्वासांचें महाकाव्य त्याचें मानलें जातें. बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं प्रवरसेनाची व त्याच्या सेतूची स्तुति केलेली आहे. काव्य सुदैवानें अखंड आहे. पण त्याचा कर्ता कोण, हा वाद संपत नाहीं. अकबराच्या काळीं रामदास नांवाच्या टीकाकारानें लिहून ठेवलें कीं, हें काव्य विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासानें प्रवरसेनासाठीं रचलें. आणि कित्येक हस्तलिखितांच्या समाप्तिवाक्यांत प्रवरसेनाच्या जोडीला कालिदासाचेंहि नांव येतें. खुद्द काव्याच्या आरंभीं कवि म्हणतो कीं, नव्या राजानें आरंभिलेली ही रचना जेथें चुकली वा अडखळली, तेथें ती मोडून पुन्हां नीट बसविण्यांत आली आहे. आतां ही डागडुजी कोणी केली? राजानें स्वतः, कीं आजोबांच्या दरबारांतून आलेल्या गुरूनें?

आमचें मत विचाराल, तर काव्य प्रवरसेनाचें आणि सुधारणा इतरांची, असें मानण्यास हरकत दिसत नाहीं. पण ह्या वादांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, 'मी चुकलों आणि माझी चूक दुरुस्त झाली' हें सांगण्यास राजाला लाज वाटली नाहीं. आपल्या काव्यावर दुसरा हात फिरला, किंवा निदान आपला पहिला हात पुरला नाहीं, ही कबुली त्यानें देवांच्या स्तुतीला लागूनच नोंदवून ठेवली. पुढच्या टीकाकारांनीं मात्र त्या कबुलीचाच आधार घेऊन सबंध काव्य एका अधिक प्रसिद्ध नांवाच्या पदरांत घातलें! प्रसिद्ध नांवाकडे कृति आपोआप ओढली जाते, हा ह्या प्रकरणाचा धडा.

ही ओढ राजशेखरास पुरती ठाऊक होती. काव्यमीमांसेचे कांहीं अध्याय त्यानें केवळ वाङ्मयचौर्याला दिले आहेत. शब्द उचलणें निराळें, अर्थ उचलणें निराळें. अर्थ उचलण्यांतहि प्रतिबिंबासारखी हुबेहूब नक्कल, चित्रासारखा थोडा संस्कार, दोन देहांसारखें साम्य, आणि परक्या नगरांत शिरण्यासारखें मूळ वस्तु राखून सारें बदलणें, असे भेद तो करतो. त्याच्या आधीं आनंदवर्धनानेंहि पहिले तीन प्रकार सांगितले होते, आणि दोन देहांसारखें साम्य मुळींच त्याज्य नाहीं, असा उदार निर्णय दिला होता. माणसांचे चेहरे एकमेकांसारखे असतात, म्हणून कोणी कोणाचा चेहरा चोरला असें होत नाहीं. राजशेखर तर आणखी पुढें जाऊन म्हणतो कीं, कविही अल्पस्वल्प चोर असतो आणि वाणीही. ज्याला लपवितां येतें, त्याला बोल लागत नाहीं.

पण ह्या प्रकरणांतील सर्वांत बोचरे शब्द त्याचे नाहींत. ते त्याच्या पत्नीचे आहेत. चाहुमान कुळांतील अवंतिसुंदरी ही विदुषी होती, आणि तिचीं मतें राजशेखर आचार्यांच्या मतांच्या बरोबरीनें देतो. आचार्य म्हणाले कीं, इतर चोऱ्यांचा डाग काळानें पुसला जातो, वाणीच्या चोरीचा मात्र नातवंडांपर्यंत पुसला जात नाहीं. म्हणून तिचा उपदेशच करूं नये. त्यावर अवंतिसुंदरी कारणांची एक मालिकाच सांगते. हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. ह्याला प्रतिष्ठा नाहीं, मला आहे. ह्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षांसारखी गोड. ह्याच्या भाषेला मान नाहीं, माझ्या भाषेला आहे. ही रचना ज्यांना ठाऊक होती तीं माणसें निवर्तलीं. हिचा कर्ता दूरदेशीं आहे. हिचें मूळच नष्ट झालें आहे. अशा कारणांनीं मनुष्यानें हरणांत खुशाल रमावें, असें ती म्हणते. हें तिनें व्यवहार म्हणून सांगितलें कीं उपरोधानें, हें वाचकांनीं ठरवावें. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, ही यादी प्रथम वाचली, तेव्हां आम्हांस आसेगांवच्या घरांतलें जातें दिसूं लागलें. अप्रसिद्ध बाई, प्रतिष्ठा नसलेली वऱ्हाडी बोली, रचना जाणणारीं माणसें गेलेलीं, कर्ती शहरापासून दूर. हजार वर्षांपूर्वींच्या त्या विदुषीनें सांगितलेल्या सबबींपैकीं एकहि आम्हीं वगळली नव्हती. आणि त्यांना आम्हीं 'शास्त्रीय दृष्टि' असें नांव दिलें होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, मग घेणें हाच गुन्हा काय? मुळींच नाहीं. घेण्याशिवाय कला एक पाऊल चालत नाहीं, आणि ह्याचा महाराष्ट्राइतका पुरावा क्वचितच कोठें मिळेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' आणि १८८२ सालीं 'सौभद्र' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील पदांच्या चाली त्यांनीं कीर्तनांतून, लावण्यांतून, बायकांच्या गाण्यांतून, कानडी पदांतून मुक्तहस्तानें घेतल्या. पण जुन्या संगीत नाटकाचें पुस्तक उघडून पाहावें : पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द, आणि पुढें ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचें नांव! ही ओळ वाचकाच्या सोयीसाठीं होती, हें खरें. त्या काळीं स्वरलिपि घरोघरीं कोणी वाचीत नसे, आणि ओळखीचें गाणें सांगितल्यावांचून नवें पद म्हणतां येत नसे. परंतु सोयीसाठीं म्हणून कां होईना, ऋण डोक्यावर लिहिलेलें होतें. त्यामुळें किर्लोस्करांचें कर्तृत्व तसूभरहि कमी झालें नाहीं.

त्याच्याहि आधीं, उत्तर पेशवाईंत, होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर ह्या जोडीनें तर हा प्रश्न एका शब्दांत सोडविला होता. रचना होनाजीची, गळा बाळाचा. आणि लावणीच्या अखेरीस मुद्रा 'होनाजी बाळा' अशी दोघांची मिळून. शब्द आधीं कीं सूर आधीं, ह्या पंडिती वादांत न पडतां त्यांनीं गाण्याचा सातबारा दोघांच्या नांवें करून टाकला. वत्सगुल्माच्या कथेंत जें झालें नाहीं, तें पुण्याच्या तमाशाच्या फडांत झालें.

पुढें १९१६ सालीं 'स्वयंवर' आलें. विदर्भाच्या रुक्मिणीची ती कथा. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे; चाली भास्करबुवा बखल्यांच्या; आणि रुक्मिणी होऊन त्या गाणारे बालगंधर्व. बुवांच्या कित्येक चालींच्या मागें जुन्या ख्यालांच्या बंदिशी उभ्या होत्या, आणि त्या बंदिशी रचणाऱ्यांचीं नांवें बहुधा कोणास ठाऊक नव्हतीं. आतां रसिकाच्या कानांत जें घुमत राहिलें, तें गाणें कोणाचें? आमचे वडील तें बालगंधर्वांचें म्हणत. आमचे गानगुरु बखलेबुवांचें म्हणत. वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा तें खाडिलकरांच्या नांवावर मांडतो. तिघेहि खरें बोलतात. कायद्यालाहि हें उमगण्यास वेळ लागला : १९५७ च्या आपल्या कायद्यांत शब्द रचणाऱ्याचा व संगीत रचणाऱ्याचा हक्क मानला होता, गाणाऱ्याचा, नाचणाऱ्याचा, नट म्हणून उभा राहणाऱ्याचा निराळा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनें मान्य झाला. काव्यपुरुषाच्या त्या वधूला न्याय मिळण्यास हजार वर्षांहून अधिक काळ लागला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.

राहिला तो लोकगीताचा मुद्दा. तेथें कर्ता नसतोच, हा आक्षेप अजून विद्वानांच्या तोंडीं ऐकूं येतो. स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' असें म्हणतात. हा शब्द मोठा मार्मिक आहे, कारण त्यांत 'पुरुषांनीं न रचलेलें' असा अर्थ तर आहेच, शिवाय वेदांची थोरवीहि आहे. पण वेदांच्या थोरवीबरोबर वेदांचें कर्तृहीनत्वहि ह्या गीतांना चिकटतें, ही त्याची दुसरी बाजू. आम्ही हें नाकबूल करीत नाहीं कीं, आपल्या परंपरेंत स्वतःचें नांव पुसून टाकण्याची एक उदात्त वृत्ति होती. कोण्या भाविकानें अभंग रचावा आणि त्याखालीं तुकोबांची मुद्रा घालावी. विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेंत मिसळून जावी. हें आपल्याकडे सर्रास घडलें. परंतु आपण होऊन नांव टाकणें हा त्याग आहे. दुसऱ्यानें तें न विचारणें ही हयगय आहे. दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणून त्यांची गफलत होते.

आणि न विचारण्याची ही रीत आपली जुनी रीत म्हणावी, तर तेंहि खरें नाहीं. वऱ्हाडांतल्या ऋद्धिपुरास तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें वा ऐकिलें त्या भक्तांकडे जाऊन त्यानें एकेक लीळा मिळविली, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी गेली, तेव्हां शिष्यांच्या आठवणींतून ग्रंथ पुन्हां उभा राहिला. आणि जेथें एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी पडली, तेथें तो वेगळेपणा परंपरेच्या नांवासह पोथ्यांत नोंदविला गेला. त्या नांवांत हिराइसा ह्या स्त्रीचें नांव आहे. कागद दुर्मिळ आणि जीव धोक्यांत, अशा काळांत त्या माणसांना 'हें कोणाच्या तोंडचें?' हें लिहून ठेवावेंसें वाटलें. आमच्या वहींत जागेची टंचाई नव्हती.

आमच्या काळांतहि हें काम कोणी केलेंच नाहीं असें नव्हे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटेव्हां ह्यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रांतील गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नांवानिशीं व गांवानिशीं. ह्या संग्रहांत एकच ओवी निरनिराळ्या बायकांच्या तोंडीं थोडथोडी बदलत जातांना दिसते, आणि तेथें लोकगीताच्या कर्तृत्वाचें खरें स्वरूप कळतें. तें एका माणसाचें नसतें हें खरें. पण तें कोणाचेंच नसतें हें खोटें. आजीनें दिलेल्या ओळीला नात आपल्या भावाचें नांव जोडते, सासुरवाशीण आपल्या माहेरची वाट जोडते, आणि एखादी माता, लेक गेल्यावर, दोन ओव्या सर्वस्वीं आपल्या अशा रचते. आनंदवर्धनानें सर्वसेनाच्या ठिकाणीं ज्याचा गौरव केला, तेंच हें कर्म : आलेलें बदलून आपल्या रसाला अनुकूल करणें.

आसेगांवच्या त्या आजींना हा भेद आमच्याहून स्पष्ट ठाऊक होता. त्यांनीं आईचें आईला दिलें, आजीचें आजीला दिलें, आणि स्वतःचें तेवढेंच स्वतःकडे ठेविलें. राजशेखराचे चार भेद न वाचतां त्यांनीं कर्तृत्वाचा जो हिशेब मांडला, त्यांत एक पैचीहि चूक नव्हती. चूक आमच्या लेखणींत होती. त्यांच्या मालकीचा दावा तो नव्हताच. लेक गेला आणि त्याच्यामागें आपण हें केलें, एवढेंच त्या सांगत होत्या.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही पुन्हां आसेगांवास गेलों. आप्तांचें तें घर आतां राहिलेलें नाहीं. बाईंच्या घरच्यांचा पत्ता लागला नाहीं. आणि नांवच ठाऊक नसल्यामुळें विचारावयाचें कसें, हाहि प्रश्न होताच. वही मात्र आमच्यापाशीं आहे. त्या दोन ओव्यांच्या खालीं जेथें 'लोकगीत' असें लिहिलें होतें, तो शब्द आम्हीं खोडला आहे, आणि त्या जागीं लिहिलें आहे : 'आसेगांव येथील एका मातेच्या, नांव विचारण्याचें राहून गेलें.' आमच्या वर्गांतून दरवर्षीं कांहीं विद्यार्थी गीतें जमविण्यास खेड्यांत जातात. त्यांना आम्ही एवढेंच सांगतों कीं, वहीच्या पहिल्या ओळीवर गाणें लिहूं नका. तेथें गाणाऱ्याचें नांव लिहा, आणि मग विचारा, ह्यांतलें तुमचें कोणतें.